थांब म्हणायची टाळी

केंदूरच्या तात्याबाचा राग पार सणसवाडीपर्यंत नावाजलेला होता. कुणाचा बैल नावाजतात, कुणाच्या हातची पुरणपोळी नावाजतात. ह्या गड्याचा राग. भाजीत मीठ कमी पडलं की ताट अंगणात. चप्पल जागेवर सापडली नाही की दुसऱ्याची चप्पल विहिरीत, आणि ती दुसरीही स्वतःचीच निघाली की मग दिवसभर अनवाणी हिंडायचा, पण चूक झाली म्हणायचा नाही. पोरगा दत्ता बारावीला नापास झाला तेव्हा त्यानं त्याला चौकात पट्ट्यानं फोडून काढलं. पोरगं त्याच आठवड्यात घर सोडून गेलं आणि सणसवाडीत खोली घेऊन राहिलं. सणावाराला यायचं, आईच्या हातचं खायचं आणि बाप कामावरून परतायच्या आत निघून जायचं.

तात्याबा सणसवाडीच्या एका कारखान्यात प्रेसशॉपला सुपरवायझर होता. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मशिनी तिथं दिवसभर धाडधाड आदळत असतात. कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळं काम टाळीवर चालतं. सुपरवायझरनं एक कडक टाळी वाजवून ज्याच्याकडे बघितलं, त्यानं हातातलं टाकून यायचं. दोन टाळ्या म्हणजे माल आणा. थांबायला टाळी लागत नाही, थांबायला मशिनीवर लाल बटण असतं.

नव्व्याण्णव साली त्यानं एका उत्तर प्रदेशच्या पोराच्या अंगावर पत्र्याचा तुकडा फेकून मारला. पोराचं कपाळ फुटलं. साहेबानं तात्याबाला केबिनमध्ये बोलावून शांतपणे सांगितलं, की एक तर घरी बसा, नाहीतर डोकं ताळ्यावर आणा. शिरूरला त्या वेळी ध्यानाचे वर्ग जोरात चालले होते. जयसिंग सर म्हणून एक निवृत्त शिक्षक ते घ्यायचे. कारखान्यानं पैसे भरून तात्याबाला तिथं पाठवलं. आजारी बैलाला दवाखान्यात नेतात तसा तो गेला.

पहिले चार दिवस मजेचे गेले. डोळे मिटले की ह्याला कधी साहेब दिसायचा, कधी बांध कोरणारा चुलतभाऊ. सर म्हणायचे, "राग आला की त्याच्याशी भांडू नका. नुसतं त्याच्याकडे बघा."

"बघू कसा सर?" तात्याबा म्हणाला. "राग आल्यावर मला काय दिसतच न्हाई."

सगळा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याला श्वास दाखवला. आत येतो तो, बाहेर जातो तो. बाहेरचा आवाज आला तर येऊ द्या, आपोआप जाईल, त्याच्यामागं जाऊ नका.

आता ह्या माणसाची टिंगल करणं सोपं आहे, आणि गावानं ती मनसोक्त केलीही. पण एक गोष्ट खरी, की एकदा धरलं की तात्याबा सोडत नसे. पहाटे उठून तो पोतं अंथरून बसू लागला. पायाला मुंग्या आल्या, पाठ मोडून आली, डुलक्या लागल्या, तरी बसला. आणि वर्षाच्या आत खरोखरच ताट अंगणात जायचं बंद झालं. राग यायचा, मुठी वळायच्या, नाकपुड्या फुलायच्या. पण तो डोळे मिटून उभा राहायचा आणि थोड्या वेळानं मुठी सुटायच्या. हात उचलायचा तर त्यानं सोडूनच दिला. एकदा त्यानं सरांना विचारलं होतं, "घरातली मान्सं मला भेत्यात. ते कवा जाईल?" सर म्हणाले, "तुमच्यातला राग गेला की त्यांच्यातलं भय जाईल." तात्याबानं ते गाठीला बांधलं. त्याला मोक्ष नको होता, सिद्धी नको होती. एवढंच पाहिजे होतं.

सरांनीच मग आठवड्यातून एक दिवस मौन पाळायला सांगितलं. सणसवाडीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून मौनही गुरुवारी. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तोंडाला कुलूप. गाव म्हणालं, बोलून काय मोती पडत होते ह्याचे, बरं झालं. पण हळूहळू गावाचाही सूर बदलला. गुरुवारी दुपारी तात्याबा आपल्या रानात बांधावरच्या बाभळीखाली पाठ ताठ करून बसलेला दिसला की रस्त्यानं जाणारे लोक बोलणं कमी करायचे. एका बाईनं तर लांबूनच हात जोडले होते.

मौनात घरचं कसं चालायचं? टाळीवर. कारखान्यातलीच रीत त्यानं घरी आणली. एक टाळी म्हणजे इकडे ये. दोन टाळ्या म्हणजे पाणी, नाहीतर चहा, जी वेळ असेल ते. बायको धुरपदा दोन गुरुवारांत शिकली. तिला काही शिकवावंच लागलं नाही म्हणा ना.

चार वर्षं अशी गेली. मग २००४ सालच्या माघातला तो गुरुवार आला.

आदल्या दिवशी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा फाळ लागून तात्याबाच्या मोटरीची केबल सोलली गेली होती आणि कांद्याच्या वाफ्याला पाणी नेणाऱ्या दांडात पडली होती. कुणाच्या ध्यानात आलं नाही. लाइट नव्हती, मोटर ऑटोवर लावून ठेवलेली, म्हणजे लाइट आली की आपोआप सुरू होणारी. तात्याबा बाभळीखाली बसला होता. दुपारी लाइट आली, मोटर घुरघुरली, पाणी दांडानं वाहत आलं. काहीतरी तडतडतंय म्हणून त्यानं डोळे उघडले, तर दांडातलं पाणी एका जागी उकळल्यासारखं उडत होतं आणि त्यात केबल पडलेली.

समोरच्या बांधावर धुरपदा होती. गाईसाठी कापलेल्या गवताचा भारा डोक्यावर, कोरड्या जमिनीवर उभी. तिथंच उभी राहिली असती तर काही झालं नसतं.

तात्याबाला तिला थांबवायचं होतं. देवाशप्पथ त्याला तेवढंच करायचं होतं. पण दिवस गुरुवारचा. तोंड उघडायच्या आधी हात उठले आणि त्यानं जीव खाऊन टाळी वाजवली. एक. कारण थांब म्हणायची टाळी घरात ठरलेलीच नव्हती. चार वर्षांत त्याला कधी तिची गरजच पडली नव्हती.

धुरपदानं डोक्यावरचा भारा जागेवर टाकला आणि ती वाफ्यातून सरळ त्याच्याकडे पळत सुटली.

"थांब!" तो ओरडला. मौन मोडलं, पण उशिरा. ती दांडात पडली होती आणि तिचं अंग वेडंवाकडं उडत होतं.

जळालेल्या मोटरी दुरुस्त करणारा चांदभाई, तात्याबाचा शाळेपासूनचा दोस्त, त्याच वेळी रस्त्यावर टेम्पो उभा करून रानात शिरत होता. त्यानं वाळकं दांडकं उचललं, धावत जाऊन पेटीतला खटका पाडला, आणि मग दोघांनी तिला उचललं. चांदभाईनं तिला टेम्पोत घातलं आणि शिरूर गाठलं.

धुरपदा वाचली. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, तळवा भाजला, आणि पाय नीट टेकायला किती महिने लागतील ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

तिसऱ्या दिवशी जयसिंग सर केळी घेऊन दवाखान्यात आले. बरोबर वर्गातले चारपाच जण. गावातून काय झालं ते त्यांच्या कानावर गेलं होतं, पण जाता जाता त्याला चांगलंच पॉलिश लागलं होतं. सर खाटेशेजारी उभे राहून बरोबरच्यांना सांगू लागले, "संकट समोर उभं, तरी ह्या माणसाचं मन ढळलं नाही. मौनही मोडलं नाही. टाळी वाजवून बायकोला सावध केलं, म्हणून ती तारेवर पुरती पडली नाही. नुसता पाय लागला. ही साधना!"

तात्याबा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्या दिवशी गुरुवार नव्हता. बोलायला तोंड मोकळं होतं. तसं न्हाई सर, एवढे तीन शब्द पुरे होते. ते घशाशी आलेही. पण खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडे अशा नजरेनं बघत होती, जी नजर त्याच्या वाट्याला उभ्या जन्मात आली नव्हती. पट्ट्यानं पोराला फोडणारा तात्याबा म्हणून नव्हे. दत्तासुद्धा दारात उभा राहून बापाकडे बघत होता, आणि कितीतरी वर्षांनी त्याच्या कपाळावर आठी नव्हती. तात्याबानं हात जोडले आणि मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

चांदभाई कोपऱ्यात होता. सगळे गेल्यावर त्यानं तात्याबाला जिन्यात गाठलं.

"टाळी मी बी ऐकली, तात्याबा. रस्त्यावनं. वैनी तवा बांधावर हुत्या."

तात्याबा पायरी उतरू लागला, तसा चांदभाईनं त्याचा दंड धरला.

"मी कुनाला सांगनार न्हाई. तू तिच्या वाईटाला वाजवली न्हाईस, ते मला कळतंय. पन वैनीशी तरी बोल एकदा."

तो बोलला नाही. दवाखान्यात नाही, घरी आल्यावरही नाही. पहाटे पोत्यावर बसायचा, डोळे मिटायचा, आणि श्वासाऐवजी पळत येणारी धुरपदा दिसायची. भारा टाकला, पळाली. भारा टाकला, पळाली. सरांनी सांगितलं होतं, जे दिसेल ते नुसतं बघा. तो बघायचा, पण ते जात नव्हतं. एक गोष्ट त्याला राहून राहून कळत नव्हती. वाफ्याच्या कडेनं पायवाट होती. रोजची होती. ती सोडून ही बाई चिखलातून का पळाली? कधी कधी तर त्याला तिचाच राग यायचा, आणि मग त्या रागाची लाज वाटून तो पोतं गुंडाळून ठेवायचा.

चैत्रात सरांच्या ध्यान मंडळाचा वार्षिक मेळावा शिरूरच्या एका मंगल कार्यालयात भरला. कामगारांच्या सोयीनं गुरुवारीच. सरांनी निरोप पाठवला, की तात्याबांचा सपत्नीक सत्कार करायचा आहे. धुरपदा म्हणाली, "मला कशाला?" पण दोनदा सरांचा माणूस घरी येऊन गेल्यावर नाही म्हणायची तिची प्राज्ञा नव्हती. चांदभाईनं टेम्पोत पुढं बसवून दोघांना नेलं.

कार्यालय गच्च भरलेलं. तात्याबाला शाल, धुरपदाला साडीचोळी. सरांनी पुन्हा ती गोष्ट सांगितली. ह्या वेळी ती आणखी देखणी झाली होती. तात्याबा स्टेजवर ताठ बसला होता. आज मौन होतं, आणि खरं सांगायचं तर आजच्या इतकं ते त्याला कधी सोयीचं वाटलं नव्हतं.

"तात्याबांचं आज मौन आहे," सर हसून म्हणाले. "तेव्हा वहिनींनीच दोन शब्द सांगावेत." आणि कुणाला काही कळायच्या आत माइक धुरपदाच्या तोंडासमोर आला.

तात्याबा खुर्चीच्या कडेला सरकला. धुरपदानं पदर सावरला, माइककडे संशयानं बघितलं.

"म्या काय सांगू?" ती म्हणाली. "ह्यांनी टाळी वाजवली. म्या गेले."

एवढंच. जसं झालं तसं. त्यात तक्रार नव्हती, कौतुक नव्हतं. पण ऐकणाऱ्यांनी आपल्याला पाहिजे तेच ऐकलं आणि सगळ्या कार्यालयानं एकदम टाळ्यांचा कडकडाट केला.

धुरपदा खुर्चीवरून ताडकन उठली. बांधलेला पाय तसाच खाली टेकला गेला, तोंड वेदनेनं वाकडं झालं, तरी ती उभी. तिची नजर घाबरीघुबरी होऊन तात्याबाला शोधत होती. तो दिसल्यावर ती लंगडत, खुर्चीचा कोपरा मांडीला लागला तरी न थांबता, भराभरा त्याच्याकडे आली आणि पुढ्यात उभी राहिली. काय पाहिजे ते ऐकायला.

"लाजल्या वहिनी!" कुणीतरी म्हणालं. सगळे प्रेमानं हसले. टाळ्या आणखी वाढल्या. तात्याबाला मात्र कुणीतरी भर सभेत तोंडात मारल्यासारखं झालं. त्यानं तिला हाताला धरून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभा राहिला.

परत येताना शिक्रापूरला चांदभाईनं मशिदीजवळ टेम्पो थांबवला. "दिस कललाय, अस्रची नमाज पढून आलोच," म्हणाला आणि उतरला. टेम्पोत दोघंच उरली. बाहेर नगर रोडवरून ट्रक धडधडत जात होते. धुरपदाच्या मांडीवर सत्काराचा नारळ होता.

"धुरपदा," तात्याबा म्हणाला.

ती दचकली. "आज गुरुवार हाय न्हवं?"

"असू दे. एक सांग मला. त्या दिशी पायवाट सोडून तू चिखलातनं कशाला पळालीस? चालत आली असतीस तर केबल दिसली असती."

लहान पोरानं काहीतरी विचारावं तसं तिनं त्याच्याकडे बघितलं.

"तुमी बोलावल्यावर मी कवा चालत आले वो?"

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. तो मनातल्या मनात मागं मागं गेला. ताटं फेकायच्या दिवसांत, लग्नाच्या पहिल्या वर्षात. हाक मारल्यावर चालत आलेली धुरपदा त्याला एकदाही आठवेना. पिठाचे हात घेऊन पळत, तापात फणफणत असली तरी पळत. आणि गेली चार वर्षं तो पोत्यावर बसून समजत होता की घर शांत झालं.

"अजून भेतीस मला?"

तिनं नारळाची शेंडी बोटानं सारखी केली. "आता तुमी मारत न्हाई," ती म्हणाली.

हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि होतंही.

"माजं चुकलं. टाळी मी वाजवली, त्यानंच तू तारंवर गेलीस. सर सांगत्यात ते खोटं हाय. उद्या जाऊन सांगतो त्यांना. आन् आजपासनं मौन बंद. टाळी न्हाई, काय न्हाई. नीट तोंडानं बोलत जाईन."

तिला बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. पण तिचा चेहरा उतरला.

"मंग मी कवा बोलायचं?"

"म्हंजी?"

"गुरुवारी तुमी आडवं बोलत न्हाई. आठवडाभर मनात ठिवते आन् गुरुवारी तुमच्यापाशी बसून सांगते की सगळं. दत्ताचं, गाईचं, माज्या भावाचं." तिनं मान वर केली. "तुमाला ऐकू येत न्हवतं व्हय?"

ऐकू येत होतं. दर गुरुवारी ती बाभळीखाली गवत निवडत बसायची आणि काहीबाही बोलत राहायची, हे त्याला माहीत होतं. आवाज आला तर येऊ द्या, आपोआप जाईल. त्यानं तो येऊ दिला होता आणि जाऊ दिला होता. चार वर्षांतल्या त्या बोलण्यातला एक शब्द त्याला आठवेना.

"आज गुरुवारच हाय अजून," तो म्हणाला. "बोल."

ती खाली बघत म्हणाली, "पाय दुखतो. काढल्याली बोटंच दुखत्यात. न्हाईत ती, आन् दुखत्यात. डाक्टर हसंल म्हनून बोलले न्हाई. रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाई."

तो तिच्या बांधलेल्या पायाकडे बघत राहिला. त्याच्या गप्प बसण्यानं ती चपापली.

"रागावला का?"

"न्हाई."

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्याचे मांडीवर ठेवलेले दोन्ही हात तेवढे तिनं, मुठी वळल्यात का म्हणून, नीट निरखून बघितले, आणि मग जराशी सरकून टेम्पोच्या दाराला टेकून बसली.